मोबाइलवरचे बोलणे षट्कर्णी कसे होते

मोबाइलवरचे बोलणे एका तोंडापासून दुसऱ्या कानापर्यंत थेट पोहोचत नाही. हँडसेट आवाजाचे आकड्यांत रूपांतर करतो. हे आकडे रेडिओलहरींवरून जवळच्या टॉवरला जातात, तिथून केबलने कंपनीच्या स्विचिंग केंद्रात येतात, गरज पडल्यास दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरतात आणि पलीकडच्या टॉवरवरून पलीकडच्या हँडसेटमध्ये उतरतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर तिसऱ्याला कान लावता येतो. प्रत्येक ठिकाणची युक्ती वेगळी आणि तिच्यावरचा उपायही वेगळा. त्यामुळे ‘मोबाइल सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. गेल्या चार दशकांत हवेतला टप्पा बराचसा बंदिस्त झाला, पण चोरून ऐकणारे थांबले नाहीत. ते आधी स्विचिंग केंद्राकडे आणि नंतर थेट हँडसेटकडे वळले.

पहिल्या पिढीच्या ॲनालॉग मोबाइलमध्ये बंदोबस्त असा नव्हताच. आवाज साध्या रेडिओप्रमाणे प्रसारित होई आणि बाजारात मिळणारा स्कॅनर योग्य फ्रिक्वेन्सीवर लावला की कोणालाही तो ऐकू येई. ब्रिटनमध्ये डायना आणि चार्ल्स या दोघांचीही १९८९ च्या अखेरीची खासगी संभाषणे अशीच बाहेर आली आणि १९९२-९३ मध्ये वृत्तपत्रांत छापली गेली. अमेरिकेत डिसेंबर १९९६ मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचे सहकाऱ्यांशी फोनवर बोलणे चालू होते. सहभागींपैकी एक जण फ्लोरिडात गाडीतून मोबाइलवर बोलत होता. तेवढ्यावरून एका दांपत्याने आपल्या स्कॅनरवर सारे बोलणे टिपले आणि पुढच्याच महिन्यात ते वृत्तपत्रांत आले. असे ऐकणे अमेरिकेत १९८६ पासून गुन्हा होता. अभियंत्यांनी उघडे ठेवलेले दार कायद्याने लावून घेण्याचा हा प्रयत्न होता आणि तो फसणारच होता. भारतीय ग्राहकाने हा काळ पाहिलाच नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, तो जीएसएम या डिजिटल पद्धतीच्या जाळ्यावरून.

जीएसएममध्ये पहिल्यांदा एन्क्रिप्शन आले. प्रत्येक सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची प्रत कंपनीकडे असते. जाळे फोनला एक यादृच्छिक आकडा पाठवते, सिम त्यावर आपली किल्ली चालवून उत्तर देते आणि त्याच क्रियेतून त्या कॉलपुरती किल्ली तयार होते. हवेतून जाणारा आवाज या किल्लीने कूटबद्ध होतो. त्यासाठीची ‘ए५/१’ ही पद्धत १९८७ च्या सुमारास युरोपात बनली. बाहेरच्या देशांना देण्यासाठी ‘ए५/२’ हे जाणूनबुजून कच्चे ठेवलेले भावंडही काढले गेले. दोन्ही पद्धती गुप्त ठेवण्यात आल्या होत्या. सुरक्षितता पद्धत लपवण्यावर नव्हे, तर किल्लीवर अवलंबून असावी, हे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. दूरसंचार उद्योगाने ते मनावर घेतले नाही.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९९९ पर्यंत संशोधकांनी फोनची चिरफाड करून दोन्ही पद्धती उलगडल्या. चौसष्ट बिटांच्या म्हणवल्या जाणाऱ्या किल्लीत प्रत्यक्षात दहा बिट नेहमी शून्य ठेवलेले असत, हेही उघड झाले. २००० मध्ये बिर्युकोव्ह, शमीर आणि वॅग्नर यांनी साध्या संगणकावर ‘ए५/१’ फोडण्याची रीत प्रसिद्ध केली. डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल यांनी, आधीच गणून ठेवलेल्या सुमारे दोन टेराबाइटच्या कोष्टकांच्या आधारे ती किल्ली कोणालाही शोधता येईल, असे दाखवले. तोवर जगातले अब्जावधी फोन याच पद्धतीवर चालत होते आणि जुन्या टूजी, म्हणजे जीएसएमच्या, जाळ्यांवर ती पुढेही बराच काळ राहिली.

किल्ली फोडण्यापेक्षा सोपी वाटही जीएसएमने ठेवली होती. त्यात जाळे फोनची ओळख तपासते, पण फोन जाळ्याची तपासत नाही. म्हणून कोणी बनावट टॉवर उभा केला आणि त्याचा सिग्नल जोरदार असला, की आसपासचे फोन त्याला खरा मानून जोडले जातात. बनावट टॉवरने एन्क्रिप्शन नको असे सांगितले, तर फोन तेही मान्य करतो. पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा वापरतात ती ‘आयएमएसआय कॅचर’ उपकरणे याच तत्त्वावर चालतात. २०१० मध्ये लास वेगासच्या डेफकॉन परिषदेत एका संशोधकाने सुमारे दीड हजार डॉलरच्या साहित्यातून असा टॉवर उभारून दाखवला आणि ज्या साधनावर केवळ सरकारांची मक्तेदारी समजली जाई, ते सामान्य हौशी माणसाच्या खिशाला परवडू लागले. कॉल कूटबद्ध नसल्यास फोनने तशी खूण दाखवावी, अशी सोय मूळ मानकात होती. ती खूण दाखवायची की नाही हे ठरवण्याची मुभा मात्र सिममार्फत कंपनीला दिली गेली. त्यामुळे बहुतेक ग्राहकांना अशी काही खूण असते हेही ठाऊक नाही.

थ्रीजीपासून फोन आणि जाळे दोघेही एकमेकांची ओळख पटवतात, किल्लीही १२८ बिटांची असते. फोरजीत आवाज डेटाच्या रूपानेच जातो. तरीही ढिलाई संपली नाही. २०२० मध्ये जर्मनीतील बोखुम येथील संशोधकांनी दाखवले, की काही टॉवर लागोपाठच्या दोन कॉलसाठी कूटबद्ध करणारी तीच आकडेमाला पुन्हा वापरतात. कॉल टिपून ठेवणाऱ्याने तो संपताच त्याच माणसाला दुसरा कॉल लावून गप्पांत गुंतवले, तर आधीचे बोलणे उलगडता येई. दोष पद्धतीत नव्हता, यंत्रे नीट न बसवण्यात होता. फाइव्हजीत ग्राहकाची कायमची ओळखही कूटबद्ध करून पाठवण्याची सोय आहे, पण ती मिळते फाइव्हजीचा गाभाही स्वतंत्र असलेल्या जाळ्यावर. फोरजीच्या गाभ्यावर टेकलेले फाइव्हजी ती देत नाही.

नव्या पिढ्यांचा खरा शत्रू जुनी पिढी आहे. नव्या सिग्नलमध्ये अडथळा आणून फोनला टूजीवर उतरवले, की १९८७ च्या सगळ्या उणिवा परत हाताशी येतात. भारतात जिओने टूजी कधी चालवलेच नाही. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलची टूजी जाळी साध्या फोनच्या ग्राहकांसाठी चालू राहिली आहेत. ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे त्याने टूजी बंद करून ठेवणे हा हवेतल्या टप्प्यावरचा सर्वांत सोपा आणि फुकटचा उपाय. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून अनेक मॉडेलच्या सेटिंग्जमध्ये तशी कळ आहे. आयफोनमध्ये लॉकडाउन मोड ही कडक सुरक्षेची सोय चालू केल्यास टूजी आपोआप बंद होते.

इथवरचे एन्क्रिप्शन फक्त हँडसेट ते कंपनीचे जाळे एवढ्याच वाटेचे आहे. कंपनीच्या केंद्रात बोलणे उघडे होते आणि तिथून पुढे तसेच जाते. ही त्रुटी नसून रचनाच तशी आहे. ग्राहकाला वाटते आपले बोलणे बंद पाकिटात आहे, प्रत्यक्षात पाकीट कंपनीच्या दारातच फाडले जाते.

कंपन्यांची जाळी एकमेकांशी बोलतात ती ‘एसएस७’ या संकेतव्यवस्थेतून. ती आखली गेली तेव्हा जगात मोजक्या, बहुतांशी सरकारी दूरध्वनी संस्था होत्या आणि त्यांचा एकमेकींवर विश्वास होता. आज शेकडो कंपन्यांना आणि त्यांच्यामार्फत इतरांनाही या व्यवस्थेत शिरता येते. अमुक ग्राहक आपल्याकडे रोमिंगवर आहे, असा खोटा संदेश पाठवून त्याचे कॉल आणि एसएमएस वळवता येतात, हे २०१४ मध्ये टोबियास एंगल आणि नोल यांनी वेगवेगळे दाखवले. २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य टेड ल्यू यांच्या संमतीने, केवळ त्यांच्या फोन नंबरच्या आधारे, त्यांचे कॉल दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी ऐकून दाखवले गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत चोरांनी याच वाटेने बँकांचे एसएमएस वळवून खात्यांतले पैसे काढले. कंपन्यांनी त्यानंतर गाळण्या बसवल्या आहेत. ग्राहकाच्या हाती इथे काहीच नाही.

कंपनीच्या केंद्रात आणखी एक दार असते आणि ते कायद्यानेच ठेवायला लावलेले असते. पोलिसांना रीतसर आदेशानंतर फोन ऐकता यावा म्हणून प्रत्येक स्विचमध्ये तशी सोय असते. ग्रीसमध्ये जे घडले ते या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखे आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास व्होडाफोन ग्रीसच्या एरिक्सन स्विचमध्ये कोणीतरी छुपे सॉफ्टवेअर घातले. टॅपिंगची मूळ सोय त्या स्विचमध्ये आधीच होती. तिचे नियंत्रण आणि नोंदी ठेवणारा भाग कंपनीने विकत घेतलेला नव्हता. घुसखोरांनी ही सोय नोंद न उमटवता चालू केली आणि पंतप्रधान कोस्टास करामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक जणांचे कॉल काही प्रीपेड मोबाइलकडे वळवले. एसएमएस पोहोचत नसल्याच्या तक्रारींतून मार्च २००५ मध्ये हा प्रकार उघडा पडला. कंपनीने ते सॉफ्टवेअर तडकाफडकी काढून टाकले आणि त्याबरोबर माग काढण्याची संधीही गेली. जाळ्याच्या नियोजनाची जबाबदारी असलेला अधिकारी दुसऱ्याच दिवशी घरात मृतावस्थेत सापडला. २००६ मध्ये कंपनीला ७ कोटी ६० लाख युरोंचा दंड झाला.

ग्रीस हा अपवाद मानण्याची सोय २०२४ मध्ये संपली. अमेरिकेतील बड्या दूरसंचार कंपन्यांच्या जाळ्यांत, चीनशी संबंधित असल्याचे अमेरिका सांगते असा ‘सॉल्ट टायफून’ गट शिरल्याचे उघड झाले आणि न्यायालयीन आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत तो पोहोचल्याचेही. त्या डिसेंबरात अमेरिकी यंत्रणांनी नागरिकांना एन्क्रिप्शन असलेली ॲप वापरण्याचा सल्ला दिला. हा सल्ला देणाऱ्यांत, अशा एन्क्रिप्शनमुळे तपास अडतो म्हणून वर्षानुवर्षे कुरकुर करणारी एफबीआयही होती. पोलिसांसाठी ठेवलेले दार फक्त पोलिसांनाच उघडेल, हे गृहीतक यानंतर कोणी गंभीरपणे मांडू नये.

भारतात या दाराचा कायदा १८८५ च्या टेलिग्राफ ॲक्टपासून सुरू होतो. त्याच्या कलम ५(२) ने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला दिला, पण कार्यपद्धती शतकभर ठरलीच नाही. फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगवर अटी घातल्या आणि २००७ मध्ये नियम ४१९-अ च्या रूपाने त्या नियमांत आल्या. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश, साठ दिवसांची मुदत, एकूण एकशे ऐंशी दिवसांची कमाल मर्यादा आणि मंत्रिमंडळ सचिव किंवा मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील आढावा समिती, असा त्यांचा सांगाडा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आणि डिसेंबर २०२४ च्या नियमांनी जुन्या तरतुदींची जागा घेतली. सांगाडा मात्र जवळपास तोच राहिला. आदेश देणारे सरकारी अधिकारी आणि तपासणारेही सरकारी अधिकारीच. आधी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची अट भारतात आजही नाही आणि या साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

न्यायालयात प्रकरण पोहोचले तर अटींना वजन येते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणातले केंद्रीय गृह मंत्रालयाचे टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. लाचेचा आरोप म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, असे सांगून न्यायालयाने ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांखाली टॅप केल्याच्या आरोपावरून महाराष्ट्रात २०२२ मध्ये पुणे आणि मुंबईत गुन्हे दाखल झाले. ते सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. अडचण अशी, की ज्याचा फोन टॅप झाला त्याला तसे कधीच कळवले जात नाही. त्यामुळे न्यायालयापर्यंत पोहोचतात ती फक्त खटल्यातून किंवा राजकीय भांडणातून बाहेर आलेली प्रकरणे.

कंपनीच्या केंद्रातही बोलणे उघडे पडू नये असे वाटत असेल, तर ते एका हँडसेटमध्ये कूटबद्ध होऊन थेट दुसऱ्या हँडसेटमध्येच उलगडले पाहिजे. ईमेल कूटबद्ध करणारे पीजीपी बनवणारे फिल झिमरमन यांनी २००६ मध्ये इंटरनेट कॉलसाठी अशी एक पद्धत आणली. तिच्यात दोन्ही पडद्यांवर एक छोटी खूण उमटते. बोलणाऱ्यांनी ती एकमेकांना वाचून दाखवायची. खुणा जुळल्या तर मध्ये कोणी नाही. २०१० मध्ये रेडफोन हे कूटबद्ध कॉलचे ॲप आले आणि त्यातूनच पुढे सिग्नल हे ॲप घडले. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सिग्नलचीच पद्धत सर्व संदेशांना आणि कॉलना लागू केली आणि जे साधन तोवर पत्रकार आणि संगणकतज्ज्ञांपुरते होते, ते कोट्यवधी लोकांच्या हाती, त्यांनी न मागता, आले. मोबाइल संभाषणाच्या खासगीपणाच्या इतिहासात एवढा मोठा एकच बदल दुसरा नाही.

यातही पळवाटा आहेत. किल्ल्यांची देवाणघेवाण कंपनीच्या सर्व्हरमार्फत होते, म्हणून सर्व्हरने फसवले नाही ना, हे पडताळावे लागते. व्हॉट्सॲपमध्ये संपर्काच्या माहितीखाली साठ अंकी कोड असतो तो यासाठी. प्रत्यक्ष भेटीत तो एकदा जुळवून पाहावा. फार थोडे लोक तसे करतात. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की बोलण्यानुसार कमी-जास्त आकाराची पाकिटे पाठवणाऱ्या ॲपमध्ये, एन्क्रिप्शन न फोडताही, पाकिटांच्या लांबीवरून ठरावीक वाक्प्रयोग ओळखता येतात. म्हणून चांगली ॲप आकार स्थिर ठेवतात. गटाने बोलताना तर सर्वांत कच्चा दुवा निर्णायक ठरतो. मार्च २०२४ मध्ये जर्मन हवाई दलाच्या अधिकाऱ्यांची टॉरस क्षेपणास्त्रांविषयीची चर्चा रशियन माध्यमांत आली. सिंगापूरच्या हॉटेलातून जोडलेल्या एका सहभागीने सुरक्षित मार्ग वापरला नव्हता, असे संरक्षणमंत्र्यांनी सांगितले.

बोलणे झाकले तरी कोण कोणाशी, केव्हा, किती वेळ आणि कुठून बोलले, हे साध्या कॉलमध्ये झाकले जात नाही. ती नोंद म्हणजे सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड). भारतात कंपन्यांना ती किमान दोन वर्षे ठेवावी लागते. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली. गिऱ्हाइके गुप्तचर संस्था नव्हती, तर जोडीदारावर संशय घेणारी माणसे आणि व्यवसायातले प्रतिस्पर्धी होते. अशा गिऱ्हाइकाला बोलणे ऐकण्याची गरजही पडत नाही, रात्रीच्या कॉलची यादी पुरते. ॲपवरून केलेला कॉल सीडीआरमध्ये उमटत नाही, मात्र ॲपची कंपनी आपल्या परीने काही नोंदी ठेवते. सिग्नल त्या जवळजवळ ठेवत नाही, व्हॉट्सॲप अधिक ठेवते.

‘खास सुरक्षित फोन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या हँडसेटबद्दल एवढेच, की घेऊ नयेत. एन्क्रोचॅटचे जाळे २०२० मध्ये फ्रेंच पोलिसांनी आतून पोखरले. ॲनोम नावाचे फोन तर एफबीआयच चालवत होती. जून २०२१ मध्ये ते जाहीर झाले तेव्हा जगभरात आठशेहून अधिक जणांना अटक झाली होती. ज्यांना लपायचे आहे त्यांनाच हेरून विकलेले साधन पाळत ठेवणाऱ्यांचे काम सोपे करते.

मधली वाट बंद झाल्यावर हल्ला टोकावर येतो. हँडसेट ताब्यात घेतला की आवाज कूटबद्ध होण्याआधीच टिपता येतो. इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगाससने मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल सुविधेतील दोषाचा फायदा घेऊन सुमारे १,४०० फोनवर हल्ला केला. त्यासाठी कॉल उचलण्याचीही गरज नव्हती, मिस्ड कॉल पुरे होता. लक्ष्यांमध्ये भारतातील पत्रकार आणि वकीलही होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमलेल्या समितीने तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगाससच असल्याचा निष्कर्ष मात्र निघाला नाही आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नसल्याची नोंद न्यायालयाने घेतली. असे हल्ले महाग असतात आणि निवडक माणसांवरच होतात. फोनचे अपडेट वेळेवर घेणे आणि जोखीम असलेल्या व्यक्तींनी लॉकडाउन मोड वापरणे यांनी ते अधिक महाग होतात, अशक्य होत नाहीत.

सामान्य माणसाचा फोन चोरून ऐकणारा बहुधा परका गुप्तहेर नसतो. तो घरातला, कचेरीतला किंवा फोनवरून गोड बोलणारा ठग असतो. हाती आलेल्या फोनमध्ये दोन मिनिटांत पाळत ठेवणारे ॲप टाकता येते किंवा व्हॉट्सॲप दुसऱ्या उपकरणाला जोडता येते. म्हणून ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी असलेली ॲप अधूनमधून पाहावीत आणि फोनचा पिन घरातही वाटू नये. सिम बंद पडेल अशी भीती घालून ग्राहकाकडून ‘*४०१#’ सारखा कोड लावून घ्यायचा आणि त्याचे कॉल आपल्याकडे वळवायचे, हा प्रकार इतका फैलावला, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड लावून कॉल वळवण्याची सोय थांबवायला लावली. कॉल कुठे वळवले आहेत हे फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये पाहता येते.

एक श्रोता असा आहे, ज्याच्यावर कोणतेही एन्क्रिप्शन चालत नाही, तो म्हणजे पलीकडे बोलणारा माणूस. गूगलने मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरील बाहेरच्या ॲपना ॲक्सेसिबिलिटीच्या मार्गाने कॉल रेकॉर्ड करायला बंदी केली. अनेक फोनमध्ये कंपनीनेच दिलेली रेकॉर्डिंगची सोय मात्र आहे आणि स्पीकरवर टाकून दुसऱ्या फोनने ध्वनिमुद्रण करणे कोणी अडवू शकत नाही. १४ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधील गुप्तपणे रेकॉर्ड केलेले संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असे स्पष्ट केले आहे.